विश्लेषण : पाऊल सरळ झाले, तरी जखम परत का होते? डॉ. पॉल ब्रँड यांनी आयुष्यभर शोधलेले उत्तर

गुडघ्याची झीज होऊन वाकडा झालेला पाय शस्त्रक्रियेने सरळ केला, की एक्स-रेमध्ये हाडे एका ओळीत दिसतात. डॉक्टर समाधानी असतात, नातेवाईकही. मात्र रुग्ण घरी जाऊन चालू लागतो, तेव्हा अंगाचा भार तळपायाच्या कोणत्या भागावर पडतो, किती पडतो आणि किती वेळ टिकतो, हे एक्स-रे सांगत नाही. त्यामुळे काही रुग्णालयांत आता शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रुग्णाला सेन्सर बसवलेल्या पट्टीवरून चालवले जाते. संगणकाच्या पडद्यावर तळव्याचा रंगीत नकाशा उमटतो आणि दाब कुठे वाढला, कुठे कमी झाला, ते कळते.

शस्त्रक्रिया झाल्यावर माणूस चालतो कसा, हा प्रश्न भारतात एका सर्जनने सुमारे सात दशकांपूर्वी फार चिकाटीने लावून धरला होता. त्यांचे रुग्ण गुडघेदुखीचे नव्हते. त्यांना काहीच दुखत नव्हते, आणि तीच त्यांची अडचण होती. तमिळनाडूत जन्मलेल्या, वेल्लोरला कुष्ठरुग्णांचे हात-पाय दुरुस्त करणाऱ्या आणि पुढे मधुमेहींच्या पायांकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांची ही कहाणी.

कोण होते पॉल ब्रँड?

पॉल विल्सन ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील कोल्ली डोंगरात झाला. वडील जेसी आणि आई एव्हलिन हे दोघे इंग्रज मिशनरी. डोंगरावर डॉक्टर नव्हता, रस्ता नव्हता. जेसी ब्रँड घरे बांधत, शाळा चालवत आणि थोड्याशा प्रशिक्षणाच्या जोरावर औषधोपचारही करत. वडिलांनी जखमा धुताना दिसणारे रक्त आणि पू पाहून लहानग्या पॉलला शिसारी येई. आपण काहीही होऊ पण डॉक्टर होणार नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

त्याच काळातला एक प्रसंग त्यांच्या कायम लक्षात राहिला. तीन अनोळखी माणसे डोंगर चढून दाराशी आली. हातापायांची बोटे आखडलेली, पायांना जखमा. एरवी उघड्या हातांनी काम करणाऱ्या वडिलांनी त्या दिवशी हातमोजे घातले, त्यांचे पाय धुऊन पट्ट्या बांधल्या आणि मुलांना लांब थांबायला सांगितले. कुष्ठरोगाशी ब्रँड यांची ही पहिली गाठ. पुढचे सारे आयुष्य ते असेच पाय हातात घेऊन बसणार होते, तेही बहुतेक वेळा हातमोज्यांशिवाय.

१९२३ मध्ये, नऊ वर्षांचे असताना, त्यांना धाकट्या बहिणीसह शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. वडिलांची पुन्हा भेट झालीच नाही. १९२९ मध्ये जेसी ब्रँड मलेरियाच्या गुंतागुंतीने डोंगरावरच वारले. आई मात्र भारतातच राहिली. निवृत्तीनंतर मिशनने तिला डोंगरावर पाठवायला नकार दिला, तर ती स्वतःच्या जबाबदारीवर परत गेली आणि नव्वदी उलटल्यावरही काम करत राहिली. १९७४ मध्ये, ९५ व्या वर्षी तिचे निधन झाले. मुलाच्या हट्टी स्वभावाचे मूळ कुठे होते, हे यावरून कळावे.

सुतार ते सर्जन

सोळाव्या वर्षी शाळा सोडून ब्रँड बांधकामाच्या धंद्यात शिरले. वडिलांप्रमाणे घरे बांधता यावीत म्हणून त्यांनी चारेक वर्षे सुतारकाम आणि गवंडीकाम शिकून घेतले. लाकडाचा कल कुठे आहे, भार कुठून कुठे जातो, सांधा कुठे कमजोर पडेल, हे त्यांच्या हातांना आधी कळले आणि शरीरशास्त्र नंतर. चरित्रकार या वर्षांना सहसा दोन ओळींत उरकतात. खरे तर पुढच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली इथेच आहे. दोरी, कप्पी आणि तुळई यांची भाषा येणारा माणूस हाताच्या आणि पायाच्या रचनेकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

मिशनरी कामाची तयारी म्हणून त्यांनी एक वर्षाचा वैद्यकीय अभ्यासक्रम घेतला. तिथे एके रात्री रक्तस्रावाने पांढरीफटक पडलेली एक स्त्री रक्त चढवल्यावर डोळ्यांदेखत पुन्हा शुद्धीवर आली. त्या रात्रीने डॉक्टरकीबद्दलची जुनी किळस संपवली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांनी वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतले. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. जर्मन बॉम्बफेकीत जखमी झालेल्यांचे हात, नसा आणि हाडे जोडता जोडता ते सर्जन झाले. वर्गमैत्रीण मार्गारेट बेरी यांच्याशी १९४३ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्या पुढे नेत्रतज्ज्ञ झाल्या. कुष्ठरोगात डोळ्यांची संवेदना गेली की पापणी लवणे थांबते आणि माणूस आंधळा होतो. यावर त्यांनी केलेले काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

चिंगलपटला काय घडले?

१९४६ मध्ये ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सा शिकवायला आले. त्यांना बोलावणारे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन हे कुष्ठरोगाचे मोठे जाणकार होते. १९४७ मध्ये कॉक्रेन यांच्या चिंगलपट येथील कुष्ठधामात फेरफटका मारताना ब्रँड यांना सगळीकडे एकच दृश्य दिसले. नख्यांसारखी वळलेली बोटे, लोंबणारी पावले, तळव्यांना भोके. या व्यंगांवर कोणी अस्थिशल्यतज्ज्ञाने अभ्यास केला आहे का, असे त्यांनी विचारले. केला नव्हता. त्या काळी कुष्ठरोग हा त्वचेचा आजार मानला जाई आणि बोटे झडणे हे रोगाचे नशीबच समजले जाई.

ब्रँड यांनी एका रुग्णाचा आखडलेला हात हातात घेऊन दाबायला सांगितले, आणि त्याच्या पकडीने तेच कळवळले. बोटे वाकडी, पण पकड पैलवानाची! याचा अर्थ हाताचे काही स्नायू निकामी झाले असले तरी काही अगदी ठणठणीत होते. मग ठणठणीत स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सोडवून निकामी स्नायूच्या जागी का लावू नये?

पुढे मृत रुग्णांच्या शरीरातील नसांचा माग काढताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. नसा सगळीकडे सुजत नव्हत्या. कोपर, मनगट, गुडघा आणि घोटा यांच्याजवळ, जिथे नस कातडीच्या अगदी जवळून जाते आणि शरीर थोडे थंड असते, तिथेच त्या फुगत होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूला थंड जागा मानवते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालून जाणारी नस अशी सुजून निकामी झाली, की पाऊल वर उचलणारे स्नायू लुळे पडतात. याला फूट ड्रॉप म्हणतात. दोष गुडघ्यापाशी, परिणाम पावलात.

वेल्लोरच्या मुख्य रुग्णालयात सुरुवातीला कुष्ठरुग्णांना दाखल करून घेण्याची सोय नव्हती. इतर रुग्ण पळून जातील ही भीती होती. तरीही १९४८ च्या सुमारास पहिल्या शस्त्रक्रिया झाल्या आणि वर्षानुवर्षे मिटलेली बोटे उघडली. १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने त्यांना हंटेरियन व्याख्यानासाठी बोलावले.

हात सुधारले, पण रुग्णांचे काय?

यश मिळाले तसा एक विचित्र अनुभवही आला. बरे झालेले काही रुग्ण परत येऊन गाऱ्हाणे करू लागले. वाकड्या हातांवर भीक मिळायची, सरळ हातांवर कोणी पैसा टाकेना आणि कुष्ठरोगी म्हणून कोणी कामही देईना. मग १९५१ मध्ये कॉलेजच्या आवारात झोपड्यांची एक छोटी वसाहत उभी राहिली. तिथे शस्त्रक्रिया झालेल्या तरुणांना सुतारकाम आणि खेळणी बनवणे शिकवले जाई. जुना सुतार इथे उपयोगी पडला.

या वसाहतीने ब्रँड यांना त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा शोध दिला. तरुणांच्या हातापायांना रोज नव्या जखमा होत. रोगामुळेच मांस सडते, हा समज तेव्हा डॉक्टरांमध्येही होता. ब्रँड यांनी नियम केला की प्रत्येक जखमेचे कारण सापडलेच पाहिजे. रोज हातपाय तपासायचे आणि गुन्ह्याचा तपास करावा तसे मागे जायचे. कारणे एकेक करून सापडू लागली. तापलेले भांडे कुणी सहज उचललेले. हातोड्याच्या दांड्याची कूस तळहातात शिरलेली. एकदा एका मुलाने गंजलेले कुलूप किल्ली पिळून उघडले, जे डॉक्टरांना उघडत नव्हते. त्याच्या बोटातून रक्त ठिबकत होते, कातडी हाडापर्यंत चिरली होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. बोटांचे तुकडे रात्रीतून गायब होण्याचे कोडेही सुटले. झोपेत उंदीर कुरतडत आणि रुग्णाला जाग येत नसे. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाला सोबत मांजर देण्याची पद्धत सुरू झाली.

निष्कर्ष सरळ होता. कुष्ठरोग बोटे झडवत नाही. तो वेदना नाहीशी करतो आणि पुढचे नुकसान रोजचे जगणे करते.

पावलाचे कोडे अधिक अवघड का?

हाताची जखम टाळता येते, कारण हात डोळ्यांसमोर असतो. पाऊल खाली असते, आणि त्यावर उभे राहिल्यावाचून गत्यंतर नाही.

फूट ड्रॉप झालेला माणूस पाऊल टेकवतो तेव्हा टाच आधी टेकत नाही. चवड्याची बाहेरची कड आधी आपटते. सगळे वजन त्या अरुंद पट्ट्यावर येते आणि तिथेच व्रण होतो. यावर वेल्लोरला कंडरा हलवण्याची शस्त्रक्रिया होऊ लागली. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी एक भक्कम कंडरा सोडवून पावलाच्या वरच्या बाजूला जोडायची. जो स्नायू पाऊल आत वळवत होता, तोच आता ते वर उचलू लागे. त्यासाठी रुग्णाला प्लास्टर काढल्यावर कित्येक आठवडे नव्याने चालायला शिकावे लागे. टाच पुन्हा आधी टेकू लागली, भार बाहेरच्या कडेवरून रुंद तळव्यावर पसरला आणि कडेचे व्रण थांबले.

पण काही रुग्ण परत येतच राहिले. पाऊल सरळ, चाल चांगली, तरी चवड्याखाली नवे भोक. शस्त्रक्रियेने आकार सुधारला होता, बधिरपणा गेला नव्हता. शिवाय आता चांगले चालता येते म्हणून माणूस अधिक चालत होता! अंथरुणात पडून राहिला की जखम भरून येई, उठून चालू लागला की पुन्हा उघडे. औषधे आणि मलमे बदलून काही उपयोग होत नव्हता. उपयोग झाला तो प्लास्टरचा. जखमेवर पट्टी बांधून पाय प्लास्टरमध्ये घातला, की काही आठवड्यांत जखम आपोआप बुजे. प्लास्टर त्यांच्याआधीही काही डॉक्टरांनी वापरले होते. ब्रँड यांनी त्यातून घेतलेला धडा महत्त्वाचा. कुष्ठरुग्णाचे मांस इतरांसारखेच भरून येते. फक्त त्याच्यावर दर पावलाला घाव पडता कामा नये.

दाब म्हणजे नेमके काय?

इथे थोडे गणित लागते. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. साठ किलोचा माणूस दोन्ही पायांवर शांत उभा असतो तेव्हा भार दोन तळव्यांवर वाटला जातो. चालताना एका क्षणी सगळे वजन एकाच पायावर येते. पुढे रेटा देताना टाच उचललेली असते आणि वजनाहूनही थोडा जास्त भार चवड्याच्या गाठींवर आणि बोटांवर येतो. निरोगी पायात बोटे जमिनीला घट्ट टेकून यातला काही वाटा उचलतात. बोटे नख्यांसारखी वळलेली असतील तर ती हवेतच राहतात आणि त्यांचा वाटाही चवड्यावर पडतो. भार तेवढाच, जागा निम्मी, म्हणजे दाब दुप्पट.

बधिर पावलाला इजा तीन प्रकारे होते, असे ब्रँड सांगत. खिळा किंवा काच रुतणे हा पहिला प्रकार, त्यात थोड्या जागेवर एकदम मोठा दाब येतो. घट्ट बूट हा दुसरा. त्यात दाब अगदी कमी असतो, पण तासन् तास रक्त अडते आणि कातडी मरते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. दाब साधाच, रोजच्या चालण्याचा, एकेक पाऊल निरुपद्रवी. मात्र तो एकाच जागेवर दिवसातून हजारो वेळा पडत राहतो. आतले मांस आधी सुजते, गरम होते आणि मग फुटते. ब्रँड तळपायावरून नुसता हात फिरवून अशी गरम जागा ओळखत. जखम होण्याच्या आधीच त्यांना ती सापडे.

वेदना शाबूत असलेल्या माणसाला हा धोका का नसतो? कारण आपण नकळत चाल बदलतो. टाच दुखू लागली की चवड्यावर भार देतो, एक कड हुळहुळली की दुसरीवर कलतो. गुडघा दुखणारा माणूस लंगडतो तेही यासाठीच. लंगडणे हे आपल्याला व्यंग वाटते, पण ती शरीराने स्वतःहून केलेली भाराची फेरवाटणी असते.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा संबंध इथेच येतो. झिजेमुळे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेल्या रुग्णात भार सांध्याच्या आतल्या अर्ध्यावर एकवटतो. तुलनेने तरुण रुग्णात सांधा न बदलता गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला छेद देऊन त्याचा कोन बदलतात. हाय टिबियल ऑस्टिओटॉमी म्हणतात ती हीच. भाराची रेषा सांध्याच्या झिजलेल्या बाजूकडून चांगल्या बाजूकडे सरकते. पण गुडघा, घोटा आणि पाऊल ही एकच साखळी आहे. वरची कडी फिरवली की खालच्यांनाही जुळवून घ्यावे लागते, आणि वर्षानुवर्षे वाकड्या गुडघ्याशी जुळवून घेतलेल्या पावलाची सवय एका दिवसात जात नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर तळव्यावरचा दाब पाहणे उपयोगी ठरते. या रुग्णांच्या पायात जाणीव असते, त्यामुळे चुकीच्या जागी भार आला तर दुखते आणि ते डॉक्टरांकडे जातात. ब्रँड यांच्या रुग्णांना ती सोय नव्हती.

चप्पल हेच औषध

मग दाब कमी करायचा कसा? वजन कमी करता येत नाही, चालणे बंद करता येत नाही. उरते क्षेत्रफळ. तळव्याचा जास्तीत जास्त भाग भार उचलेल अशी चप्पल हवी. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकूड, प्लास्टिक, रबर, सगळे करून पाहिले. कडक तळ नाजूक जागी टोचे, मऊ स्पंज काही दिवसांत दबून पापड होई. अखेर बारीक बंद छिद्रांचे, दाबले तरी परत फुगणारे मायक्रोसेल्युलर रबर उपयोगी ठरले. एमसीआर या नावाने ते आजही ओळखले जाते. फार बिघडलेल्या पावलांसाठी न वाकणारा, झुलत्या खुर्चीच्या पायांसारखा गोलाकार तळ बनवला. त्यात पाऊल चवड्यातून न मुडपता पुढे घरंगळते आणि रेटा देतानाचा दाब टळतो.

वेल्लोरजवळ करिगिरी येथे १९५५ मध्ये कुष्ठरोग संशोधनाचे केंद्र सुरू झाले. तिथे शस्त्रक्रियागृहाइतकाच चपलांच्या कारखान्याला मान होता. सर्जनने चांभाराशेजारी बसून तळ कापावा, हे त्या काळच्या अनेक डॉक्टरांना रुचले नसेल. रुग्णाला पावले लहान टाकायला आणि हळू चालायला शिकवणे हाही उपचाराचाच भाग होता. लांब ढांगेत चवड्यावरचा दाब वाढतो.

एक रात्र

या काळात ब्रँड यांच्यावर एक प्रसंग आला. अमेरिकेहून जहाजाने परतताना त्यांना तापाने घेरले होते. इंग्लंडमध्ये उतरल्यावर लांबच्या रेल्वे प्रवासानंतर लंडनमधील मुक्कामी मोजे काढताना लक्षात आले, की टाचेला स्पर्श कळत नाही. त्यांनी टाचणी टोचली. काही जाणवले नाही. आणखी खोल टोचली, रक्त आले, दुखले नाही. कुष्ठरुग्णांच्या सहवासात वर्षे काढलेल्या डॉक्टरने आपले निदान स्वतःच केले. पत्नी आणि मुलांपासून दूर राहावे लागेल, शस्त्रक्रिया करता येणार नाहीत, हे सगळे त्या रात्रीत त्यांच्या मनात येऊन गेले. पहाटे उठून त्यांनी पुन्हा टाचणी टोचली आणि ते ओरडले. प्रवासात पायाची नस दबून आलेली ती तात्पुरती बधिरता होती. टाचणीच्या त्या कळेचा आनंद ते पुढे आयुष्यभर सांगत. वेदनेकडे पाहण्याची त्यांची दृष्टी पुस्तकांतून आलेली नव्हती.

कारव्हिलमधले मोजे

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथील राष्ट्रीय कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि १९८६ पर्यंत तिथे राहिले. वेल्लोरला जे डोळ्यांनी आणि तळहाताने ओळखले होते, ते आता मोजून दाखवायचे होते. चालताना पायावर येणारा दाब मोजण्याची कल्पना नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी तळात हवेची पोकळी असलेला बूट बनवून पावलांची नोंद घेतली होती. कारव्हिलच्या चमूने पातळ मोजे तयार केले. त्यांत रंग भरलेल्या सूक्ष्म कुप्या होत्या. दाब वाढेल तिथे कुप्या फुटत आणि रंग उमटे. बूट काढला की धोक्याच्या जागा कापडावर छापलेल्या असत.

या मोज्यांनी एक गोष्ट उघड केली. निरोगी माणूस बराच वेळ चालला किंवा धावला, की त्याचे ठसे बदलत जातात. थकलेल्या जागेला विश्रांती मिळते, दुसरी जागा भार घेते. बधिर पावलाचा ठसा मात्र पहिल्या मैलाला जसा, तसाच शेवटच्या मैलाला. उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने हजारो वेळा हलका दाब देऊनही त्यांनी पाहिले. रोज तोच मारा राहिला तर काही दिवसांत व्रण झाला. अधूनमधून विश्रांती मिळाली तर उलट कातडी जाड आणि मजबूत झाली.

मग त्यांनी कृत्रिम वेदना बनवण्याचा घाट घातला. हातमोज्यात आणि बुटात सेन्सर बसवायचे, दाब वाढला की आवाज किंवा दिवा. पैसा मिळाला, अभियंते मिळाले, वर्षे गेली. सेन्सर महाग होते आणि लवकर बिघडत. खरा पराभव मात्र वेगळा होता. रुग्णाला स्क्रू पिळायचा असे, सूचना वाजे, आणि तो ती बंद करून स्क्रू पिळत राही. सूचनेऐवजी विजेचा झटका दिला, तर तोही लोक बंद करून ठेवत. जी बंद करता येते ती वेदना कामाची नाही, हे या फसलेल्या प्रकल्पाने शिकवले. ब्रँड यांनी हे अपयश लपवले नाही. वेदनेवरील त्यांच्या १९९३ मधील पुस्तकात त्याची सविस्तर हकिकत आहे.

मधुमेहींना काय मिळाले?

अमेरिकेत कुष्ठरुग्ण थोडे होते, पण मधुमेही लाखोंनी. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा बिघडतात आणि तळपाय बधिर होतो. त्यांच्या व्रणांची छायाचित्रे ब्रँड यांना वेल्लोरच्या फायलींसारखीच दिसली. तेव्हा डॉक्टर या जखमांचा दोष प्रामुख्याने खराब रक्तपुरवठ्याला देत आणि पाय कापत. ब्रँड म्हणत होते की अनेकांच्या पायात रक्त पुरेसे आहे, फक्त ते जखमेवरच चालत आहेत. अटलांटाच्या ग्रेडी मेमोरियल रुग्णालयातील डॉ. जॉन डेव्हिडसन यांनी आपल्या मधुमेही रुग्णांसाठी हे मनावर घेतले. दर भेटीला बूट-मोजे काढून पाय तपासायचे, योग्य पादत्राणे द्यायची, रुग्णाला शिकवायचे. एवढ्या साध्या शिस्तीने तिथले पाय कापण्याचे प्रमाण खूप खाली आले. प्लास्टर घालून व्रण भरण्याची पद्धत आज जगभर मधुमेही पायासाठी वापरली जाते. चांगल्या मधुमेह दवाखान्यात डॉक्टर रुग्णाला चप्पल काढायला सांगतात, त्यामागे हा इतिहास आहे.

निवृत्तीनंतर ब्रँड सिएटलला राहिले आणि तिथल्या विद्यापीठात शिकवत राहिले. लास्कर पुरस्कार आणि ब्रिटनचा सीबीई हे सन्मान त्यांना त्याआधीच मिळाले होते. घरी पडून डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर ८ जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले. ८९ वा वाढदिवस नऊ दिवसांवर होता.

आज काय दिसते?

१९८१ पासून बहुविध औषधोपचार आला आणि कुष्ठरोग काही महिन्यांत बरा होऊ लागला. मात्र औषध जंतू मारते, मेलेली नस परत आणत नाही. उशिरा उपचार मिळालेल्या रुग्णाचे पाऊल रोगमुक्त होऊनही बधिरच राहते. त्यामुळे राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात औषधांसोबत पुनर्रचना शस्त्रक्रिया आणि एमसीआर चपला यांची तरतूद आहे. महाराष्ट्रातही सरकारी आरोग्य यंत्रणेमार्फत अशा रुग्णांना या चपला दिल्या जातात.

दिसायला ही चप्पल साधीच असते. आत मऊ काळे रबर, खाली न टोचणारा कडक तळ. मागे पट्टा असतो, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. तळ आणि पट्टे चिकटवलेले किंवा शिवलेले असतात. खिळा एकही मारत नाहीत.